धुकं बोलावणारा पोर आणि खोतांचा दुसरा खंड

पत्राचा गोषवारा: देवगड तालुक्यातल्या एका खाडीकाठच्या गावातून हे पत्र आलंय. लिहिणाऱ्या ताई ५४ वर्षांच्या, पतपेढीत कॅशियर. गावच्या वाचनालयात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी दहा-बारा जण जमतात आणि ‘सध्या काय वाचताय’ ते आळीपाळीने सांगतात. ताई वाचतात अद्भुतकथा आणि विज्ञानकथा, म्हणजे जादूगार, ड्रॅगन, परग्रह. सासूबाई चार वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा रात्री जागताना मुलीने घरी ठेवलेल्या एका इंग्रजी पुस्तकाने ही सुरुवात झाली. सासूबाई जाऊन दीड वर्ष झालं, वाचन सुटलं नाही. गेल्या पावसाळ्यात त्यांनी कट्ट्यावर खरं सांगितलं, तेव्हा एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, “अजून राक्षस-पऱ्याच का, बाई?” आणि सगळे हसले. तेव्हापासून ताई खोटं सांगतात. आधी एक चरित्र झालं, मग गेले सात महिने त्या ‘तुंबाडचे खोत’ वाचतायत. प्रत्यक्षात कॉलेजात असताना अर्धा पहिला खंड वाचला होता, तेवढाच. आता वाचनालयाच्या सेक्रेटरींनी त्यांना गणपतीआधीच्या बैठकीत याच कादंबरीवर वीस मिनिटं बोलायला सांगितलंय. ‘मी काय करू? आणि या वयात असलं वाचणं म्हणजे वास्तवापासून पळणं आहे का?’

ताई,

आधी एक कबुली देते. खोटं सांगायला तुम्ही निवडलेलं पुस्तक बघून मी एकटीच खुदकन हसले. श्री. ना. पेंडशांची ही कादंबरी १९८७ साली आली. दोन जाडजूड खंड, जगबुडी नदीच्या काठच्या खोत घराण्याच्या चार पिढ्या. सात महिने काय, दोन वर्षं वाचतेय म्हणालात तरी कोणाला शंका यायची नाही. दीडशे पानांचं काही घेतलं असतंत तर शिमग्याआधीच पकडल्या गेला असतात. एका ग्रंथपालबाईंनी मला सांगितलं होतं, की २०१८ चा ‘तुंबाड’ सिनेमा बघून आलेली मुलं ही कादंबरी भुताची समजून मागून नेतात. नाव तेवढं एक, गोष्टीचा काही संबंध नाही. शंभर पानं झाली तरी सोन्याची नाणी निघत नाहीत म्हणून बिचारी परत आणून देतात.

तर, ते हसणं. ‘सगळे हसले’ असं तुम्ही लिहिलंयत. पण पुढच्याच पानावर तुम्हीच लिहिता की त्या दिवशी पायऱ्या उतरताना आरोग्य केंद्रातल्या नर्सबाईंनी तुम्हाला पुस्तकाचं नाव विचारलं, आणि तुम्ही ‘काही नाही हो, मुलीचं पडलं होतं घरात’ म्हणून ते पिशवीत सारलंत. म्हणजे बारा जणांतली एक बाई नाव विचारायला थांबली होती. वर्षभर तुम्ही सरांचं वाक्य जपून ठेवलंत आणि नर्सबाईंचा प्रश्न विसरून गेलात.

सरांबद्दलही थोडं. ज्या माणसाने उभा जन्म मुलांच्या दप्तरातून गोष्टीची पुस्तकं जप्त करण्यात घालवला, त्याचा हात निवृत्तीच्या दिवशी एकदम कसा थांबेल? ती सवय आहे. बरं, समजा सवय नाही, टोमणाच होता. तरी ते एका वाचकाचं एका प्रकाराबद्दलचं मत झालं. माझंही एक मत आहे: शेअर बाजारातून श्रीमंत व्हायची पुस्तकं ही सगळ्यात अद्भुत अद्भुतकथा. पण ते कोणी मनावर घेत नाही.

आणखी एक गोष्ट तुम्ही धरून चालला आहात, की तुम्ही सोडून बाकीचे अकरा जण खरं सांगतात. मी अशा बऱ्याच कट्ट्यांवर बसलेय. ‘पुन्हा वाचतोय’ हे शब्द आले की मी सावध होते. पुन्हा वाचणारे असतात, नाही असं नाही. पण एका खोलीत एकाच रविवारी पाच-पाच जण ज्ञानपीठ मिळालेलं काहीतरी पुन्हा वाचत असतील, तर त्यातल्या दोघांच्या तरी उशाशी दुसरंच काही असतं. पुढच्या बैठकीत नुसतं लक्ष ठेवून बघा. बोलताना माणसाचे डोळे कुठे जातात ते बघा. जे खरंच वाचत असतात त्यांना नाव आधी आठवत नाही, प्रसंग आधी आठवतो.

‘हे काही साहित्य नाही, टाइमपास आहे हे मला कळतं’ असंही तुम्ही लिहिलंय. हे तुम्हाला कोणी सांगितलं? मराठी कादंबरी जन्माला आली तो काळ बघा. १८५७ साली बाबा पदमनजींचं ‘यमुनापर्यटन’ आलं, विधवांच्या हालअपेष्टांबद्दलचं, अगदी वास्तव. त्यानंतर चारच वर्षांनी, १८६१ मध्ये, लक्ष्मणशास्त्री हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, अद्भुतरम्य. दोघी पाठच्या बहिणी. एकीला पुढे माजघरात पाटावर बसवलं आणि दुसरीला पडवीत ठेवलं, एवढंच झालं.

आणि तुमच्यासारखंच लपवणाऱ्या एका माणसाची गोष्ट सांगते. १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेत ‘कृष्णविवर’ नावाची एक कथा आली. लेखक, नारायण विनायक जगताप. तिला पहिलं बक्षीस मिळालं. जगताप म्हणून कोणी नव्हतेच. ना. वि. ज. ही अक्षरं उलटी वाचा. जयंत विष्णू नारळीकर तेव्हा मुंबईला टाटा मूलभूत संशोधन संस्थेत प्राध्यापक होते, जगभर नाव झालेलं होतं, आणि त्या नावाच्या दबावाखाली परीक्षकांनी गुण देऊ नयेत म्हणून त्यांनी ते झाकून ठेवलं. इथे तुमच्यात आणि त्यांच्यात एक फरक आहे, बघा. त्यांनी नाव लपवलं आणि गोष्ट पुढे केली. तुम्ही नाव सांभाळताय आणि गोष्ट लपवताय. याच नारळीकरांना पुढे २०२१ साली नाशिकच्या ९४ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद दिलं गेलं. सरांनी ती बातमी नक्की वाचली असणार.

आता मी लगेच सगळ्याच विज्ञानकथांची वकिली करायला बसले असं समजू नका. आपल्या मराठी विज्ञानकथेला एक खोड आहे. गोष्ट रंगात येते आणि तेवढ्यात एखादे प्राध्यापक उठून फळ्यावर शिकवायला लागतात, ते दोन पानं थांबत नाहीत. मी ती पानं सरळ उलटते. अंतराळातल्या लढायाही मला झेपत नाहीत. कुठलं यान कोणाचं हे कळेपर्यंत युद्ध संपलेलं असतं. पण भयकथा लिहिणाऱ्या नारायण धारपांचं काही हातात आलं की मात्र आजही जेवण गार होतं. आमच्या घरी धारपांचे ‘समर्थ’ वर्तमानपत्राच्या कव्हरात यायचे. कव्हर पुस्तक फाटू नये म्हणून, असं वडील सांगायचे. बाकीच्या पुस्तकांना कव्हर का नसायचं, हे विचारायची आमची टाप नव्हती.

आता दुसरा प्रश्न. तो तुम्ही ‘आणि’ने जोडून पत्राच्या शेवटी ठेवलात, आणि मला तोच खरा वाटतो.

तुमची तीन वाक्यं इथे जशीच्या तशी देते: ‘रात्री दोनला त्यांची कूस बदलायची असायची म्हणून बारानंतर झोपतच नव्हते. मोबाइलच्या उजेडात वाचायचे, त्यांच्या डोळ्यांवर येऊ नये म्हणून पाठमोरी बसून. खुणेला गोळ्यांची रिकामी पट्टी.’

ताई, पळून गेलेली माणसं रात्री दोनला कूस बदलायला हजर नसतात. चार वर्षं तुम्ही त्या खोलीतून हलला नाहीत. अशा वेळी कोणी जप करतं, कोणी मोबाइलवर पत्ते लावतं, तुम्ही अमेरिकन लेखिका उर्सुला ले ग्विनच्या ‘अर्थसी’ या पुस्तकमालिकेतल्या जादूच्या बेटांवर जाऊन आलात, आणि दोन वाजता परत आलात.

मुळात तिथे जाऊन तुम्ही वाचलंत तरी काय? मालिकेतलं तिसरं पुस्तक संपवून तुम्ही पहाटेपर्यंत रडलात, आणि का रडलात ते कळलं नाही, असं लिहिलंय. त्या पुस्तकात एक मांत्रिक मरण नाकारतो. मेलेल्यांच्या आणि जिवंतांच्या मुलखामधलं दार तो उघडं टाकतो, आणि त्या दारातून जगाची सगळी जादू गळून जायला लागते. मंत्र आठवत नाहीत, रंगाऱ्यांना रंग साधत नाहीत, गाणारे गाणी विसरतात. ते दार बंद करायला दोघं जण मेलेल्यांच्या मुलखात उतरतात. पुस्तक १९७२ सालचं. सासूबाई आता उठणार नाहीत हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कोणी तोंडातून शब्द काढत नव्हतं, हेही तुम्हीच लिहिलंय. जी गोष्ट घरात कोणी बोलत नव्हतं ती तुम्हाला त्या पुस्तकात भेटली. याला पळणं म्हणायचं असेल तर तुम्ही पळत पळत थेट तिच्याच अंगावर जाऊन आदळलात.

चौथं पुस्तक तुम्ही आत्ता वाचताय, म्हणून जास्त सांगत नाही. ते १९९० चं, म्हणजे अठरा वर्षांनी लिहिलेलं, आणि त्यात पराक्रमी राजपुत्र मुख्य नाही. एका शेतकऱ्याची मध्यमवयीन विधवा आहे, आणि तिच्याकडे सांभाळायला आलेली एक भाजलेली मुलगी. जादूगाराची जादू संपलेली आहे. भांडी घासणं, शेळ्या, रात्रीची भीती. लिहिताना ले ग्विनबाई साठीच्या होत्या. हे ‘राक्षस-पऱ्या’ म्हणून उडवून लावायचं असेल तर आधी वाचावं लागेल.

एक मात्र सांगते, पुस्तकं बाजूला ठेवून. अजून रोज रात्री दोनला जाग येते, असं तुम्ही जाता जाता लिहून गेलात. दोष वाचनाचा नाही, चार वर्षांचं घड्याळ अंगात भिनलंय. तरी दीड वर्ष ही झोपमोड चालू असेल तर डॉक्टरांच्या कानावर घाला. पुस्तकावर सोडू नका ते.

आता कट्टा. तुमच्यासमोर बसणारे लोक कोण आहेत? दशावतार बघून मोठे झालेले. देवळासमोर रात्री काळ्या वेषातला संकासुर वेद पळवून नाचत येतो, तेव्हा तो कोणत्या वाडीतला आहे हे पहिल्या ओळीतल्या पोरालाही माहीत असतं, आणि तरीही ते पोर आईच्या कुशीत शिरतं. दिवसा रिक्षा चालवणारा गडी रात्री राणी होऊन रडतो आणि बायका डोळ्याला पदर लावतात. लिहिलेली संहिता नसते, एक पेटारा असतो, आणि ‘आता आपण हे खरं धरून चालायचं’ एवढा न बोललेला करार असतो. अद्भुतकथा वाचकाकडे याहून वेगळं काही मागत नाही. सरांनीही कधीतरी दशावताराच्या धयकाल्याला रात्र जागवली असेलच की.

पण जपून. ‘आपला देवचार, म्हणजे गावाचा राखणदार, हा आपला ड्रॅगनच’ असलं काही बोलू नका. मी एका भाषणात हे ऐकलंय आणि मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्याचा चेहराही बघितलाय. जो माणूस नारळ ठेवून राखणदाराला गाऱ्हाणं घालतो, त्याच्यासाठी ती कल्पना नाही. आणि खरं सांगायचं तर काळोख्या रात्री शेतातल्या मांगरात एकटीने झोपायची वेळ आली तर माझ्यासाठीही नाही. दशावतारात सगळे मिळून सोंग धरतात. गाऱ्हाण्यात कोणी सोंग धरत नाही. ही दोन पोती एका तराजूत घालू नका, अर्धा कट्टा दुखावेल.

मग करायचं काय? उरलेला दीड खंड पंधरा दिवसांत उरकता येईल, पतपेढी सांभाळून, गणपतीची झाडलोट करून. डोळे चुरचुरतील, पण होईल. मात्र पुढच्या महिन्यात तुम्ही कोणती कादंबरी ‘वाचत’ असाल? शिवाय पेंडशांवर हा अन्याय आहे. पावसाळ्याच्या लांब दुपारी, कोणाला काही दाखवायचं नसताना वाचा, ते वाचायला हवंच. इंटरनेटवरचा सारांश पाठ करून बोलायचा विचार मनात आला असेल तर तो तिथेच सोडा. त्या खोलीत एक तरी माणूस असा निघतो ज्याला खोत तोंडपाठ असतात. ऐनवेळी ताप आणायचा म्हणाल, तर तुमच्या कट्ट्यावर नर्सबाई आहेत. त्या थर्मामीटर घेऊन घरी येतील.

उरतो फोन. सेक्रेटरींना या आठवड्यातच करा. “खोतांवर बोलण्याएवढी माझी तयारी नाही झाली. दुसऱ्या एका पुस्तकावर बोलते, चालेल का?” एवढंच. यात एकही शब्द खोटा नाही. सात महिन्यांचा हिशोब कोणी मागितलेला नाही. तुम्ही कॅशियर आहात म्हणून प्रत्येक खात्याचा ताळेबंद फळ्यावर लावायला हवा असं नाही. भर बैठकीत ‘मी खोटं बोलत होते’ असं सांगायचा मोह होईल, तो आवरा. मग वीस मिनिटं पुस्तकावर कोणी बोलणार नाही, तुमच्यावर बोलतील. कोणी विचारलंच की खोतांचं काय झालं, तर ‘पहिल्या खंडातच अडकलेय.’ हेही खरंच.

आणि बैठक गणपतीच्या तोंडावर आहे हे उत्तम. गणपतीवरच्या माटवीची लाकडं, रंगकाम, चाकरमान्यांची अंथरुणं, या गडबडीत बारातले सात येतील. सात माणसांसमोर बोलणं बारांपेक्षा फार सोपं.

बोलायचं कसं, यावर थोडी थांबते, कारण असं पुस्तक दुसऱ्याला सांगताना बहुतेक जण तिथेच घसरतात. ‘अर्थसी हे एक काल्पनिक जग असून त्यात अनेक बेटं आहेत, तिथल्या जादूचे नियम पुढीलप्रमाणे’ अशी सुरुवात केलीत तर सर पाचव्या मिनिटाला घड्याळ बघतील, आणि या वेळी चूक त्यांची नसेल. जग सांगू नका. प्रसंग सांगा. १९६८ च्या पहिल्या पुस्तकातला सुरुवातीचाच घ्या. असा काहीतरी:

डोंगराळ बेटावर शेळ्या राखणारा एक पोर. आई नाही, बाप काशाचं काम करणारा कारागीर. समुद्रावरून लुटारू आलेत, खालची गावं जळतायत, वर धूर दिसतोय. गावात लढणारी माणसं मूठभर. पोराला हवापाण्याच्या मांत्रिकाकडून शिकलेला धुक्याचा एक बारका मंत्र येतो, खेळातला. तो रस्त्याच्या टोकाशी उभा राहून तोच म्हणत राहतो. धुकं चढतं, गाव दिसेनासं होतं. लुटारू धुक्यातल्या आकारांमागे धावतात, आणि काही जण धावता धावता कड्यावरून खाली जातात. गाव वाचतं. पण पोराची वाचा जाते. तो उभाच राहतो, ना खात, ना बोलत, ना ऐकत.

आणि इथे थांबा. पोराचं पुढे काय झालं, हे कोणीतरी विचारेल. नाही विचारलं तर मी माझे शब्द मागे घेते. समुद्रावरून लुटारू येतात म्हणजे काय, हे विजयदुर्गाच्या टापूतल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. धुकं म्हणजे काय तेही नाही.

परकी नावं तीनच्या वर नकोत. एखादं अर्धं पान तुमच्या शब्दांत मराठी करून वाचून दाखवा. इंग्रजी वाचून दाखवू नका, ऐकणारे परीक्षेला बसल्यासारखे ताठ होतात. आणि ‘याचा उपयोग काय?’ असं कोणी विचारलं तर उत्तर देत बसू नका. ‘तुम्ही शेवटचं कुठलं पुस्तक उपयोगासाठी वाचलंत?’ असं प्रेमाने विचारा. वीस मिनिटं दिली आहेत म्हणून वीस भरायची नाहीत. बारा पुरेत.

वेळ उरलाच तर एक खेळ. नारळीकरांच्या एका कथेत उजव्या सोंडेचा गणपती आहे, आणि त्या सोंडेमागे मोबियसच्या पट्टीचं गणित आहे. नोटांच्या बंडलाला गुंडाळायची कागदी पट्टी तुमच्या टेबलावर पडलेली असते. तिला एक अर्धा पीळ द्या, टोकं चिकटवा, आणि सरांच्या हातात पेन्सिल देऊन मधोमध रेघ मारत न्यायला सांगा. पेन्सिल न उचलता रेघ कागदाच्या दोन्ही अंगांवरून फिरून परत सुरुवातीला येते. डावं-उजवं म्हणजे नक्की काय, असा प्रश्न मोठ्या माणसांना पडलेला बघायला मजा येते, आणि गणपतीच्या दिवसांत तर विषयही हातचा.

अशाच अडचणीतले आणखी काही जण पत्रं लिहितात, म्हणून त्यांच्यासाठीही दोन शब्द. ज्यांच्या गावात कट्टाच नाही त्यांना दुसरा एकच माणूस पुरतो. ताईंची मुलगी पुण्याला आहे, पुस्तक तिचंच होतं, आणि या सगळ्या पत्रात तिला फोन करून ‘वाचलं गं मी’ असं सांगितल्याचा उल्लेख मला कुठे सापडला नाही. वाचनालयात पुस्तकं मागवायची वही असते, तिच्यात तेच ते तिघे-चौघे लिहितात. तुम्ही लिहिलंत तर पुढच्या खरेदीत विज्ञानकथा येण्याची थोडी तरी आशा. दिवाळी अंक निवडताना ‘धनंजय’ किंवा ‘नवल’ मागून बघा, गूढ-अद्भुताची भूक तिथे भागते. इंग्रजीची धास्ती असेल तर भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेला ज्यूल व्हर्न आहेच. आणि ‘हे सगळं परकं’ म्हणणाऱ्यांना हळूच सांगा, की व्हर्नच्या पाणबुडीचा तो कॅप्टन नीमो बुंदेलखंडचा राजपुत्र निघतो, सत्तावन्नच्या उठावात लढलेला.

महिला मंडळात मोठ्याने वाचायला काही हवं असेल तर रुकैया सखावत हुसेन यांची ‘सुलतानाज ड्रीम’. १९०५ साली एका बंगाली बाईने इंग्रजीत लिहिलेली छोटीशी कथा. पुरुष पडद्याआड, कारभार बायकांच्या हाती, स्वयंपाक सूर्याच्या उष्णतेवर, स्वयंपाकघरात धूर नाही. शत्रूचं सैन्यही त्या बायका सूर्यकिरणांनीच परतवून लावतात. तोंडी मराठी करत अर्ध्या तासात वाचून होईल. नंतरच्या चर्चेला किती वेळ लागेल ते मात्र सांगता येत नाही.

तर ताई, त्या रविवारी पुस्तक हातोहात फिरू द्या. गोळ्यांची पट्टी आत आहे तशीच राहू दे, काढू नका. कोणी विचारलं तर सांगा, नाही विचारलं तर आपलं पान सापडायला ती आहेच. आणि निघताना पायऱ्यांवर नर्सबाईंना गाठून पुस्तकाचं नाव कागदावर लिहून द्या. त्यांनी विचारून वर्ष होऊन गेलं.